खांबामागचा व्हॉल्व्ह

हिराजीकाका, तुम्ही गेल्याचं मला सकाळी पावणेआठला कंपनीच्या गेटवर कळलं. सिक्युरिटीवाल्याने रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हणाला, "मॅडम, हिराजीकाका गेले. घरीच, अॅटॅक आला." मी सही केली, वेळ लिहिली, पेन परत दिलं. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की आता प्लांटवरचं भांडं कोण चालवणार. मला त्याची लाज वाटते, पण आता तुमच्यापासून लपवण्यात काय अर्थ आहे? दुःख मला दोन दिवसांनी झालं, तुमचा डबा ठेवायचा कप्पा रिकामा दिसला तेव्हा. भीती मात्र तिथेच गेटवर आली. आज बावीस दिवस झाले, ती गेलेली नाही.

आपली ओळख जेमतेम तीन वर्षांची. तुम्ही त्या प्लांटवर अठ्ठावीस वर्षं काढली होती. मी पनवेलची, एम.टेक. करून आलेली, रोडपालीहून कंपनीच्या बसने येणारी. पहिल्या दिवशी मॅनेजर सरंजामेसाहेबांनी मला तुमच्यापुढे उभं केलं आणि म्हणाले, "या मॅडम आपली प्रोसेस कॉम्प्युटरवर बसवणार आहेत. तुम्ही यांना सगळं सांगायचं." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग टेबलावरच्या खोक्याकडे, आणि विचारलंत, "याच्यात तेल कुठनं ओतायचं?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही खरंच विचारत होतात, हे मला फार उशिरा कळलं.

तुम्हाला मी काय सांगणार, पण हे दुसऱ्या कुणी वाचलं तर कळावं म्हणून लिहिते. आपण पातळ तेलाचं घट्ट तूप करतो, बेकऱ्यांना लागतं ते. मोठ्या बंद भांड्यात तेल तापवायचं, त्यात निकेलची पूड घालायची आणि वरून हायड्रोजन सोडायचा. तेल हायड्रोजन पिऊ लागलं की स्वतःच तापतं. जितकं तापतं तितकं भराभर पितं, आणि जितकं पितं तितकं आणखी तापतं. म्हणून भांड्याच्या आत पाण्याच्या नळीची वेटोळी, म्हणजे कॉइल, असतात, ती उष्णता ओढून घेतात. पाणी कमी पडलं तर मात्र त्या तेलाला कुणी थांबवू शकत नाही. माझं काम होतं हे सगळं समीकरणांत बसवायचं. किती तेल, किती गॅस, किती पाणी, दर मिनिटाला तापमान किती. मग कॉम्प्युटरला विचारायचं की कमीत कमी वेळात बॅच कशी संपेल.

हायड्रोजनची भीती मला तुम्हीच लावलीत. पहिल्या महिन्यात मी गॅसच्या लाइनखालून घाईने चालले होते. तुम्ही हाताने थांबवलंत. "बाय, याची आग उन्हात दिसत नाय," म्हणालात. तुमच्या उमेदीच्या काळात दुसऱ्या एका कारखान्यात गळती झाली, तेव्हा तुम्ही हातात लांब दांड्याचा झाडू पुढे धरून पावलापावलाने गेला होतात. जिथे झाडू पेटेल तिथे आग. मी विचारलं, "आणि झाडू पेटला?" तुम्ही म्हणालात, "पेटला ना. पुढं नाय विचारायचं." मी पुढे कधी विचारलं नाही. त्या दिवसापासून तुम्ही मला मॅडम म्हणायचं सोडलंत आणि बाय म्हणू लागलात.

तुमचे वडील मिठागरावर होते, पाण्याकडे बघून मीठ कधी धरेल ते सांगायचे, असं तुम्ही सांगायचात. तुमचंही तसंच होतं. लोखंडी सळईचं एक टोक पंपाला आणि दुसरं कानाला लावायला तुम्ही मला शिकवलंत. नमुन्याचा एक थेंब स्टीलच्या पत्र्यावर टाकून तो कसा गोठतो ते बघायचात, आणि लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी सांगायचात, "अजून वीस मिनटं." मागच्या हिवाळ्यात एका रविवारी तुम्ही आम्हा सगळ्यांना शेतावर पोपटीला बोलावलंत. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, आणि बाहेरून जाळ. मी गंमत म्हणून तापमान मोजायची गन घेऊन आले होते. मडक्यावर रोखून आकडे वाचत होते. तुम्ही ओंजळभर पाणी मडक्यावर शिंपडलंत, चर्र आवाज ऐकलात आणि म्हणालात, "उतरवा." शेंगा अगदी बरोबर शिजल्या होत्या. काकी तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या दिवसाबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. राहिलेल्या गोष्टींत ती सगळ्यात सोपी होती.

आपलं भांडण मात्र अर्धवट राहिलं. कॉम्प्युटर म्हणत होता, बॅचच्या मधल्या टप्प्यात गॅसचा दाब वाढवा, दीड तास वाचेल. तुम्ही मान हलवायचात. "मधल्या अर्ध्या तासात गॅस वाढवू नको, बाय. तेव्हा ते सोताच्या गरमीनं चालतं." मी तुम्हाला ग्राफ दाखवायचे. "बघा काका, कॉइल सगळी उष्णता ओढून घेते. जागा आहे अजून." तुम्ही ग्राफकडे पाहायचात, माझ्याकडे पाहायचात आणि गप्प बसायचात. शेवटी साहेबांनी हुकूम केला आणि आपण नव्या पद्धतीने चार बॅच लावल्या. चारही वेळा खरं तापमान माझ्या समीकरणांनी काढलेल्या निळ्या रेषेवरून चाललं, जसं काही तिच्यावर गिरवलं होतं. मी पेढे वाटले. तुम्ही एक घेतलात आणि खाल्ला नाहीत, खिशात ठेवलात.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. समीकरणं जुळावीत म्हणून कॉइल किती थंड करते त्याचा जो आकडा घ्यावा लागत होता, तो पुस्तकातल्या आकड्याच्या दीडपट होता. मी तुम्हाला विचारलं होतं, आठवतं का? "काका, आपली कॉइल इतकी चांगली कशी?" तुम्ही हातमोजे काढत होतात. "जुना माल हाय," म्हणालात, "तेव्हा लोखंड चांगलं यायचं." माझ्याकडे न बघता म्हणालात. मी हसले आणि तोच आकडा रिपोर्टमध्ये लिहिला. त्या आकड्यावरून कंपनीने नवं भांडं बांधायला दिलं. तिप्पट मोठं, आणि कॉइल त्या मानाने छोटी, कारण कॉइल फारच चांगली आहे असं मी लिहून दिलं होतं.

तुमच्या रजेच्या दिवशी बॅच लागायचीच नाही. अठ्ठावीस वर्षांत तशी रीतच पडली होती. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

तुम्ही गेल्यानंतर पाचव्या दिवशी भांडं सलीमभाईंकडे दिलं. सलीमभाई तुम्हाला माहीत आहेत, फिल्टरवरचे, गल्फमध्ये बारा वर्षं रिफायनरीत काढून आलेले. सावध माणूस. सकाळी नऊला नव्या पद्धतीची बॅच सुरू झाली. मी काचेच्या केबिनमध्ये स्क्रीनसमोर बसले होते. निळी रेष माझ्या मॉडेलची, लाल रेष खऱ्या तापमानाची. पहिला तास दोन्ही एकत्र होत्या. मग लाल रेष दोन अंशांनी वर गेली. मी डोळे चोळले. पाच अंश. पाण्याचा व्हॉल्व्ह आपोआप उघडत उघडत पूर्ण उघडला. माझ्या हिशेबाने तो निम्माच उघडा असायला हवा होता. अकरा अंश.

काका, तेव्हा मी काय केलं ते तुम्हाला सांगायलाच हवं. मी सलीमभाईंना फोनवर म्हटलं, "थर्मामीटर बिघडलाय बहुतेक, जरा तपासा." मला माझी रेष खरी वाटत होती. जे डोळ्यांपुढे तापत होतं ते खोटं वाटत होतं.

सलीमभाईंनी थर्मामीटरवर एकदा नजर टाकली. मग म्हणाले, "मॅडम, थर्मामीटर ठीक आहे. भांड्याला तकलीफ होतेय. मी गॅस बंद करतो." त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. गॅस बंद झाला, पण आत होता तो हायड्रोजन तेल पीतच होतं. तापमान दोनशेच्या वर गेलं. अलार्म वाजू लागला. मला खुर्चीतून उठता येईना. डोक्यात एकच चाललं होतं, बाहेर लख्ख ऊन आहे, आग लागली तरी दिसणार नाही. काचेतून मला खाली सलीमभाई दिसत होते, आणि आपण इथे काचेमागे आहोत आणि तो माणूस तिथे आहे, याचीही भीती वाटत होती.

तेवढ्यात ते भांड्यामागच्या खांबाकडे धावले. मला नंतर म्हणाले, "मरहूम काका बॅच रंगात आली की त्या खांबामागे जायचे. मी लांबून पाहिलं होतं. वाटायचं, तंबाखू मळत असतील." खांबामागे, लाइनच्या वेष्टणाच्या आड, एक हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह होता. सलीमभाईंनी तो फिरवला. पाणी वाहिल्याचा आवाज मला केबिनमध्ये ऐकू आला. लाल रेष दोनशे चौदावर थांबली. थोडा वेळ तिथेच राहिली आणि मग, अगदी हळू, खाली वळली.

मी खाली गेले. सलीमभाईंनी मला तो व्हॉल्व्ह दाखवला. आसपासचे सगळे व्हॉल्व्ह गंजलेले, रंगाचे पोपडे आलेले. याचं चाक मात्र हात लागून लागून गुळगुळीत, चकचकीत झालं होतं. त्यातून पाणी भांड्याभोवतीच्या जुन्या कवचात जात होतं, ज्या कवचावर माझ्याकडच्या ड्रॉइंगमध्ये फुली मारलेली आहे. कित्येक वर्षांपूर्वी कुणा अधिकाऱ्याने ते बंद करायला लावलं होतं आणि तुम्हाला लेखी ताकीद दिली होती, हे सलीमभाईंना ऐकून माहीत होतं. तुम्ही ते बंद केलंच नाहीत. त्या पाण्यावर मीटर नव्हतं, म्हणून माझ्या कॉम्प्युटरला ते कधी दिसलं नाही. माझी निळी रेष तुमच्या हाताने खरी ठरवली होती, काका. त्या चार बॅचमध्येसुद्धा.

मी त्याच दुपारी मॉडेलमधून तो दीडपट आकडा काढून टाकला, कॉइलचा खरा आकडा घातला आणि नवं भांडं चालवून पाहिलं. फक्त स्क्रीनवर. मधल्या टप्प्यापर्यंत ठीक होतं. मग रेष सरळ उभी वर गेली आणि आकडे यायचेच थांबले. प्रोग्रॅम त्या तापमानाच्या पुढे जाऊ शकत नव्हता. मी सात वेळा करून पाहिलं. प्रत्येक वेळी मनात म्हणत होते, माझं काहीतरी चुकलेलं असू दे. नवं भांडं शेजारच्या शेडमध्ये रंग देऊन तयार होतं. पुढच्या गुरुवारी पूजा आणि पहिली बॅच ठरली होती. मालकांचे पाहुणे येणार होते, मांडववालासुद्धा जागा मोजून गेला होता.

आता जे लिहिते ते लिहायला मला दोन आठवडे लागले. सरंजामेसाहेबांकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट नाहीत, तुम्हीही म्हणायचात. ते म्हणाले, "एका बॅचवरून एवढं?"

मी म्हटलं, "सर, एका नाही, सगळ्याच बॅचवरून. प्रत्येक बॅचमध्ये काकांचा हात होता. तो मी मोजलाच नाही."

त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर जवळ ओढलं. मग म्हणाले, "गुरुवार पुढे ढकलायचा तर वर कारण द्यावं लागेल. तुमचं मॉडेल चुकलं असं लिहिलंत तर पुढे तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही. ऑपरेटरने परवानगीशिवाय व्हॉल्व्ह वापरला असं लिहा. खोटं नाही ना ते? आणि आता त्यांना त्याचा काही त्रासही नाही."

मी ते लिहिलं, काका. टेबलाशी बसून लिहिलं. "संबंधित ऑपरेटरने अनधिकृतपणे व्हॉल्व्ह वापरल्यामुळे नोंदी सदोष झाल्या." वाक्य चांगलं जमलं होतं. मी घाबरले होते. नोकरी जाईल, पुन्हा कुणी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवणार नाही, लोक म्हणतील की बाईने भांडं उडवलं असतं. तो कागद मी एक पूर्ण दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. दर तासाने उघडून वाचला. प्रत्येक वेळी त्यातलं "संबंधित ऑपरेटर" वाचलं की तुम्ही पेढा खिशात ठेवताना दिसायचात. माझी रेष कशामुळे जुळली ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही मला सांगायला हवं होतं, आणि मी नीट विचारायला हवं होतं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते, शेवटी नावाला डाग लागू नये म्हणून तुम्ही गप्प राहिलात. मला हवा तोच आकडा मिळत होता म्हणून मी गप्प राहिले. यातलं कुणाचं गप्प राहणं मोठं, यावर मी तुमच्याशी अजून भांडते आहे. कधी तुमचा रागसुद्धा येतो. एवढ्या लोकांच्या जिवाची गोष्ट तुम्ही खांबामागे ठेवून निघून गेलात.

शेवटी मी दुसरा कागद लिहिला. पुस्तकापेक्षा दीडपट आकडा मी तपासल्याशिवाय घेतला, असं लिहिलं. जुनं कवच चालू ठेवल्यामुळे इतकी वर्षं भांडं सुरक्षित राहिलं, असंही लिहिलं, तुमचं नाव घालून. मग सही केली. सरंजामेसाहेबांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि खाली आपलीही सही केली. म्हणाले, "मीही तो आकडा वाचला होता." गुरुवारची पूजा रद्द झाली. नव्या भांड्याला आणखी कॉइल बसेपर्यंत ते चालवायचं नाही असं ठरलं. वरून काय उत्तर येईल ते अजून आलेलं नाही.

त्यानंतर मी तुमच्या घरी गेले. पळस्प्याहून पुढे रिक्षा मिळेना, थोडी चालले. काकी ओटीवर बसल्या होत्या. शेजारच्या दोन बाया उठून आत गेल्या. काकींनी मला जवळ बसवलं आणि माझा हात त्यांच्या मांडीवर ओढून घेतला. त्यांना व्हॉल्व्हबद्दल काही माहीत नव्हतं. पण म्हणाल्या, "त्या आठवड्यात सारखे बोलायचे. त्या पोरीला एक गोष्ट सांगायची हाय, सोमवारी सांगतो." तुम्ही रविवारी गेलात.

मग मी त्यांना विचारलं, "काकी, काका कधी घाबरायचे का हो?" मला वाटलं होतं, त्या नाही म्हणतील. मी तुम्हाला कधी घाई करताना पाहिलं नाही, आवाज चढवताना पाहिलं नाही. मला वाटायचं, भीती आमच्यासारख्या काचेमागच्या माणसांना वाटते.

काकी म्हणाल्या, "रोज घाबरायचे, बाय. बॅच असली की सकाळची चायपन पोटात राहायची नाय. मोरीत जाऊन काढून टाकायचे आणि मग सायकल घेऊन निघायचे. मी बोलायची, सोडा ती नोकरी. तर बोलायचे, मला भीती वाटते ना, म्हणून मीच जायला पायजे."

अठ्ठावीस वर्षं, काका. आणि मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही, सकाळी खाऊन आलात का.

काल आम्ही त्या खांबामागच्या लाइनवर मीटर बसवलं. व्हॉल्व्ह आता ड्रॉइंगमध्ये आहे. उद्या सकाळी जुन्या भांड्यावर बॅच आहे, गॅस जुन्या पद्धतीने, कमीच. मला आत्तापासून मळमळतं आहे. केबिनमध्ये बसायचं नाही असं मी ठरवलं आहे, खाली उभी राहणार आहे. सलीमभाईंना सांगून ठेवलंय, मी येईपर्यंत हायड्रोजन उघडू नका.